संशोधन जनतेचे, कुलूप कंपन्यांचे

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या नावाची योजना मंजूर केली आणि जानेवारी २०२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० शोधपत्रिका, ६३०० हून अधिक सरकारी संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक हे आकडे सरकारी प्रसिद्धिपत्रकात झळकले. त्यापाठोपाठ असा सूर निघू लागला की, भारतातील संशोधकाची अडचण आता कायमची दूर झाली. यापुढे कुणाला शोधनिबंध मिळत नसेल तर तो त्याच्या आळसाचा किंवा अडाणीपणाचा दोष समजावा.

हा सूर कुणाच्या कानांवर आदळतो ते पाहिले पाहिजे. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या, शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या तरुण संशोधकापुरताच हा प्रश्न नाही. जिल्ह्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकविणारी, चाळिशीकडे झुकलेली अध्यापिका; विमा कंपनीच्या कचेरीत वीस वर्षे काढलेला आणि आता अर्थशास्त्रात प्रबंध लिहू पाहणारा कर्मचारी; रात्रपाळ्या करून परिचर्याशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करणारी परिचारिका – अशी माणसे आज हजारोंच्या संख्येने पुन्हा विद्यार्थी झाली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अंशकालीन पीएच.डी.चा मार्ग मोकळा केला. त्याच नियमांनी मुदतही आखून दिली: साधारणपणे सहा वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, स्त्रियांना व दिव्यांगांना याहून दोन वर्षे अधिक, पण एकंदर दहाच्या पुढे नाही. नोकरी, घर आणि आजारी माणसे सांभाळून अभ्यास करणाऱ्याला या मुदतीतील एकेक संध्याकाळ मोजून वापरावी लागते.

ही माणसे जेव्हा प्रथम विद्यार्थी होती तेव्हा ग्रंथालयात तालिकेचे लाकडी खण होते, नियतकालिकांचे बांधीव खंड होते आणि दाराबाहेर झेरॉक्सचे यंत्र होते. खंड एकदा विकत घेतला की तो ग्रंथालयाचा झाला. पुढल्या वर्षी वर्गणी बंद पडली तरी मागला खंड कुणी उचलून नेत नसे. दहा-बारा वर्षांनी परत आलेल्या विद्यार्थ्यास दिसते ते असे की, खण रिकामे झाले आहेत, खंडांवर धूळ आहे आणि नवे सारे काही पडद्याआड आहे. रात्री दहाच्या पुढे, घरचे आवरून झाल्यावर, संगणकावर किंवा बहुधा हातातल्या फोनवर ती शोधनिबंधाचे शीर्षक टाकते. शीर्षक दिसते, लेखकांची नावे दिसतात, दहा ओळींचा गोषवारा दिसतो. अकराव्या ओळीला पैसे मागितले जातात: एका निबंधाचे तीस ते चाळीस डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये. प्रबंधाला असे दोनशे निबंध पाहावे लागतात. त्यांतले निम्मे उघडल्यावर कळते की ते आपल्या कामाचे नव्हते.

विद्यापीठाने वर्गणी भरलेली असेल तर वाट आहे, हे खरे. परंतु ती वाट विद्यापीठाच्या आवारातील जाळ्यातून जाते. घरून वाचायचे तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या सामाईक प्रवेशव्यवस्थेत संस्थेने सामील व्हावे लागते आणि ग्रंथालयाने त्या विद्यार्थ्याचे खाते उघडून द्यावे लागते. जेथे ग्रंथपालाचे पदच रिक्त आहे तेथे ते खाते कोण उघडणार? विद्यापीठ शंभर किलोमीटरवर आणि बस दिवसातून दोनदा असेल, तर आवारातील जाळ्याचा त्या विद्यार्थिनीस उपयोग किती?

दोष कुणाच्या माथी

अशा विद्यार्थ्याला सल्ला देणाऱ्यांचा तुटवडा नाही. वेळेचे नियोजन करा, शोधण्याची कौशल्ये आत्मसात करा, अमुक प्रणाली विकत घ्या, तमुक कार्यशाळेचे शुल्क भरा. या उपदेशामागे एक गृहीतक दडलेले असते: दरवाजा उघडा आहे, तुम्हालाच चालता येत नाही. परत आलेला विद्यार्थी हे चटकन मान्यही करतो. आपले वय झाले, तरुण मुलांना हे सहज जमते, आपल्यालाच जमत नाही, असे तो मनाशी म्हणतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गप्पपणे नोंदणी सोडून देतो. अशा सोडून दिलेल्या प्रबंधांची गणती कुणी करीत नाही.

वस्तुस्थिती तपासली तर वेगळेच चित्र दिसते. शोधनिबंधाच्या उत्पादनाचा खर्च कोण करतो? प्रयोगशाळा, पगार, शिष्यवृत्ती, क्षेत्रपाहणी हा सारा खर्च बहुतांशी सार्वजनिक तिजोरीतून होतो. निबंध लिहिणाऱ्यास प्रकाशक मोबदला देत नाही. निबंध तपासून त्यातील चुका दाखविणारे समीक्षक हेही अन्य विद्यापीठांतील पगारदार अध्यापकच असतात. त्यांनाही प्रकाशक सहसा काही देत नाही. कच्चा माल फुकट, कुशल श्रम फुकट आणि तयार माल पुन्हा त्याच विद्यापीठांना, त्याच सार्वजनिक पैशातून, मक्तेदारीच्या भावाने विकायचा – असा हा धंदा आहे. कापसाच्या गाठी मँचेस्टरला नेऊन कापड परत विकणाऱ्यांना निदान गाठींची किंमत द्यावी लागत होती.

हा धंदा आपोआप वाढलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनी विज्ञानावर मोठा खर्च सुरू केला. त्यात केवढा नफा दडलेला आहे हे ज्यांनी लवकर ओळखले त्यांत ब्रिटनचा रॉबर्ट मॅक्सवेल अग्रभागी होता. १९५१ साली त्याने एक लहानशी प्रकाशनसंस्था हाती घेऊन तिला पर्गामॉन प्रेस हे नाव दिले आणि एकामागून एक नियतकालिके काढण्याचा सपाटा लावला. एका नियतकालिकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही ही त्यातली मेख होती. भाव वाढला म्हणून हृदयरोगाचे नियतकालिक बंद करून ग्रंथालय वनस्पतिशास्त्राचे घेऊ शकत नाही. १९९१ साली मॅक्सवेलने पर्गामॉन एल्सव्हिअर या डच कंपनीस ४४ कोटी पौंडांना विकली. पुढे विलीनीकरणांची मालिका चालली. कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३ साली जगातील निम्म्याहून अधिक शोधनिबंध अवघ्या पाच कंपन्यांच्या हाती होते; सामाजिक शास्त्रांत १९७३ साली हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. एल्सव्हिअर ज्या समूहात मोडते त्याच्या अहवालानुसार वैज्ञानिक प्रकाशनविभागाचा २०२३ चा महसूल ३०० कोटी पौंडांहून अधिक होता आणि त्यावरील नफ्याचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. धोका जवळजवळ शून्य असताना एवढे नफ्याचे प्रमाण मिळवून देणारे उद्योग जगात फार थोडे आहेत.

जगातील सर्वांत श्रीमंत विद्यापीठांपैकी एक असलेल्या हार्वर्डच्या अध्यापकांच्या सल्लागार मंडळाने २०१२ साली आपल्या सहकाऱ्यांना कळविले की, हे भाव यापुढे पेलणे शक्य नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ साली एल्सव्हिअरशी करार मोडला आणि दोन वर्षांनी, २०२१ साली, आपल्या अटी पुढे रेटून नवा केला. हार्वर्डला जे परवडत नाही ते हिंगोलीच्या अध्यापिकेला का परवडत नाही, यावर कार्यशाळा भरविण्याची गरज नाही.

हा मध्यमवर्गाचाच प्रश्न काय?

चळवळीतील काही मित्रांचा आक्षेप याच्या उलट बाजूचा असतो. पीएच.डी., शोधनिबंध, संदर्भनोंदी ही सुशिक्षित मध्यमवर्गाची दुखणी; कामगार-शेतकऱ्यांच्या लढ्याशी त्यांचा संबंध काय, असे ते विचारतात. हा आक्षेप वरवर कडवा दिसला तरी परिणामी तो कंपन्यांच्या पथ्यावर पडतो.

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे उदाहरण पाहावे. २०१४ साली तेथे इबोलाची साथ भडकली. त्या साथीने लायबेरिया, सिएरा लिओन व गिनी या देशांत मिळून ११,००० हून अधिक माणसे दगावली. लायबेरियात हा विषाणू पूर्वी कधी नव्हता अशी तेथील आरोग्य खात्याची समजूत होती. साथ ओसरू लागल्यावर, २०१५ साली, त्याच देशाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना १९८२ साली एका युरोपीय नियतकालिकात छापलेला निबंध आढळला. लायबेरियातील लोकांच्या रक्तात इबोलाच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या आहेत आणि या देशाची गणना इबोलाच्या क्षेत्रात केली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. रक्त लायबेरियन जनतेचे होते. निष्कर्ष मात्र परदेशात कुलूपबंद राहिला. तो निबंध विकत घेण्यास ४५ डॉलर लागत होते आणि ती रक्कम तेथील डॉक्टरच्या सुमारे अर्ध्या आठवड्याच्या पगाराएवढी होती.

आपल्याकडे हा प्रश्न रोज उभा राहतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले. त्यांच्या वतीने कंपनीशी व सरकारशी झगडणाऱ्या कार्यकर्त्याला त्या रसायनांच्या परिणामांवरील संशोधन हवे असते. दगडखाणीतील मजुरांच्या सिलिकोसिसचा दावा लढविणाऱ्या युनियनला वैद्यकीय निबंध लागतात. कंपनीच्या वकिलाकडे ते असतात, कारण कंपनी वर्गणी भरते. ज्यांच्या फुप्फुसांवर संशोधन झाले त्यांच्या युनियनजवळ ते नसते. आणि युनियनसाठी हे निबंध शोधून, वाचून, मराठीत समजावून सांगणारा माणूस बहुधा हाच नोकरी करीत पुन्हा विद्यार्थी झालेला कार्यकर्ता असतो.

इतिहासाच्या अभ्यासकांना यात नवे काही वाटू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जुनी दप्तरे शोधीत गावोगाव फिरले तेव्हा कित्येक वाड्यांचे दरवाजे त्यांना बंदच आढळले. कागद वाळवी खात होती, पण मालक ते दाखवायला राजी नसत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्या बंद दरवाज्यांशी झगडूनच सिद्ध झाले; पहिला खंड १८९८ सालचा. वाळवीला आता वाव राहिलेला नाही एवढाच काय तो फरक.

भाड्याचे घर

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या सरकारी महाविद्यालयांना एकही परदेशी शोधपत्रिका घेणे शक्य नव्हते तेथे आता हजारो उपलब्ध झाल्या आहेत. प्रत्येक संस्थेने स्वतंत्रपणे कंपनीपुढे हात जोडण्याऐवजी देशाने एकत्र घासाघीस करावी ही मागणी ग्रंथपालांची व वैज्ञानिकांची जुनीच होती. जे मिळाले ते वापरलेच पाहिजे, आणि संस्थेचा ग्रंथपाल ते वापरू देत नसेल तर त्याला जाब विचारला पाहिजे.

परंतु हिशेब मांडून पाहावा. वर्षाला २००० कोटी, लाभार्थी १ कोटी ८० लाख: दरडोई सुमारे ११०० रुपये. यात घरूनही वाचू न शकणारा विद्यार्थी लाभार्थी म्हणून मोजला गेला आहे. योजनेची पहिली पायरी केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांच्यापुरती आखली गेली. खाजगी संस्थांचे विद्यार्थी पुढील टप्प्यांवर ढकलले गेले. महाराष्ट्रात बहुसंख्य महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थाच चालवितात हे दिल्लीत ठाऊक नसेल असे नाही. शिवाय विद्यार्थी, अध्यापक वा संशोधक अशी नोंद ज्याच्या नावापुढे नाही तो कुंपणाबाहेरच राहतो. एम.ए. झाल्यापासून पीएच.डी.ची नोंदणी होईपर्यंतची बारा वर्षे वाचनाची भूक असलेल्या माणसाने काय करायचे? परत आलेल्या विद्यार्थ्याची निम्मी अडचण ही आहे की, मधल्या वर्षांत त्याला आपल्या विषयात काय चालले आहे हे पाहण्याची सोयच नव्हती. आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचे खाते पुन्हा बंद होणार आहे.

याच योजनेत आणखी एक कलम आहे. निवडक मुक्त नियतकालिकांत निबंध छापण्यासाठी लेखकांना साहाय्य म्हणून वर्षाला १५० कोटी रुपये. वाचकाकडून पैसे घेऊ नका, अशी मागणी जगभर जोर धरू लागली तेव्हा कंपन्यांनी ती मान्य केली आणि तेच पैसे लेखकाकडून घेण्यास सुरुवात केली. ‘नेचर’ या नियतकालिकाने नोव्हेंबर २०२० मध्ये एका निबंधामागे ९५०० युरोंचा आकार जाहीर केला. म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक. तासिका तत्त्वावरील अध्यापिकेस पूर्वी वाचता येत नव्हते; आता वाचता येईल, पण छापता येणार नाही.

खरी विटंबना तर पुढेच आहे. भारत सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या दोन विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण जाहीर केले होते की, त्यांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकृत मसुदा संशोधकाने स्वीकृतीनंतर दोन आठवड्यांच्या आत सार्वजनिक भांडारात जमा करावा. धोरण चांगले होते. ते राबविण्यासाठी धाक मात्र कधी निर्माण केला गेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने हीच अट २००८ सालापासून बंधनकारक केली आणि १ जुलै २०२५ पासून वर्षभराची सवलतही काढून घेतली. ब्राझीलने १९९७ साली सुरू केलेल्या सायएलो या सार्वजनिक व्यवस्थेने लॅटिन अमेरिकेतील नियतकालिके वाचकांना विनामूल्य खुली केली. भारतात स्वतःचे धोरण कपाटात ठेवून ६००० कोटींची वर्गणी भरली गेली.

अवजारांची मालकी

निबंध मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. दोनशे निबंध, त्यांतील उतारे, पृष्ठांक, टिपणे यांची व्यवस्था लावावी लागते. जुने संशोधक त्यासाठी कार्डे ठेवीत. कार्डांची पेटी त्यांच्या मालकीची असे. आता हे काम संगणकप्रणाली करते, आणि ती कुणाच्या मालकीची आहे हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. मेंडेली नावाची प्रणाली विद्यार्थ्यांत लोकप्रिय होती. २०१३ साली ती एल्सव्हिअरने विकत घेतली. २०१८ साली वापरणाऱ्याच्याच संगणकावरील नोंदींचा साठा सांकेतिक लिपीत बंदिस्त करण्यात आला. कारण गोपनीयतेचे सांगितले गेले. परिणाम असा झाला की तो साठा उचलून दुसऱ्या प्रणालीत थेट नेणे अवघड झाले. २०२२ साली जुनी प्रणाली नव्याने उतरवून घेणेही बंद झाले. कंपनीच्या जागेत ठेवलेली पेटी कधीही हलविली जाते, हा अनुभव त्यातून हजारोंनी घेतला.

त्याच कंपनीची स्कोपस ही निबंधांची सूची आहे. त्याच कंपनीने २०१६ साली सामाजिक शास्त्रांतील प्रकाशनपूर्व मसुद्यांचे भांडार विकत घेतले. वाचनाचे दार, टिपणांची पेटी, मसुद्यांचे कपाट आणि गुणवत्तेची मोजपट्टी ही सारी एकाच मालकाच्या हाती! भारत सरकारची विद्यापीठांची क्रमवारी संशोधनाची मोजणी करताना स्कोपस व वेब ऑफ सायन्स या खाजगी सूच्यांवरच विसंबते. मराठी शोधपत्रिकांना तेथे जवळजवळ स्थानच नाही. विदर्भातील शेतमजुरांवर मराठीत लिहिलेला चांगला निबंध अशा रीतीने अस्तित्वातच नसतो.

म्हणून आजच काय करता येते याचा विचार करताना मालकीकडे पाहूनच अवजार निवडावे. झोटेरो ही संदर्भनोंदींची प्रणाली २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रात तयार झाली. ती विनामूल्य आहे, तिची रचना सर्वांस खुली आहे आणि नोंदी केव्हाही बाहेर काढता येतात. मागे घेतलेल्या, म्हणजे सदोष ठरून रद्द झालेल्या निबंधाविषयी ती सावधही करते. एखादे अभ्यासमंडळ तिच्यात सामाईक संदर्भसूची ठेवू शकते, ज्यायोगे एकाने केलेली शोधाशोध दुसऱ्याला पुन्हा करावी लागत नाही. निबंध शोधताना प्रथम विषयाचा अलीकडचा आढावा घेणारा एक निबंध मिळवावा. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जावे आणि त्याचा आधार पुढे कुणी घेतला हे पाहून पुढे यावे. पन्नास शब्द टाकून पन्नास हजार उत्तरे मिळविण्यापेक्षा ही जुनी रीतच अधिक फलदायी ठरते. ओपनअ‍ॅलेक्स ही २०२२ पासूनची खुली सूची या कामी स्कोपसची उणीव बरीचशी भरून काढते. निबंधावरील कायम क्रमांक, ज्यास डी.ओ.आय. म्हणतात, तो अनपेवॉल या विनामूल्य सेवेस दिला की त्या निबंधाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असल्यास ती दाखविली जाते. लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात अशी प्रत पुष्कळदा पडून असते. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेत भारतीय विद्यापीठांतील काही लाख प्रबंध खुले आहेत. सगळेच सारखे नाहीत, काही तर वाचवत नाहीत. पण चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची हाती लागली तर सहा महिन्यांचे श्रम वाचतात. आणि काहीच न मिळाल्यास लेखकाला पत्र घालावे. कंपनीकडून त्याला एक पैसाही मिळालेला नसतो. आपला निबंध कुणी वाचू इच्छितो याचा त्याला बहुधा आनंदच होतो.

प्रत्येक निबंध ठेवतानाच तो कशासाठी ठेवला हे दोन ओळींत, मराठीत, लिहून ठेवावे. तीन आठवड्यांनी, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्या माणसाला त्या दोन ओळीच हात देतात.

झेरॉक्सचा खटला

या उपायांवर विसंबून लढा टाळता येणार नाही. तसा लढा जिंकता येतो याचा दाखला देशातच आहे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ व दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी या झेरॉक्सच्या दुकानावर खटला भरला. अध्यापकांनी नेमून दिलेली प्रकरणे एकत्र करून विद्यार्थ्यांना विकणे हा त्या दुकानाचा गुन्हा! विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी संघटना स्थापून न्यायालयात पक्षकार होण्याचा हक्क मिळविला. अध्यापकही पाठीशी उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना मुभा आहे हे मान्य झाले. डिसेंबरमध्ये खंडपीठाने अपिलात काही मुद्दे पुन्हा तपासणीस पाठविले, पण त्या मुभेचे तत्त्व उचलून धरले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला मागे घेतला.

याच न्यायालयात डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी सायहबवर दावा लावला. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने २०११ साली उभे केलेले हे भांडार कंपन्यांचे निबंध परवानगीविना फुकट देत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. भारतातील असंख्य विद्यार्थी त्यावर विसंबून होते ही गोष्ट सर्वज्ञात आहे, आणि त्यांना चोर म्हणणाऱ्यांनी ३८ टक्के नफ्याला काय नाव द्यावे हेही सांगावे. परंतु एका व्यक्तीच्या धाडसावर उभी असलेली सोय न्यायालयाच्या एका आदेशाने आडवी होते, हेही या प्रकरणाने दाखवून दिले. झेरॉक्सच्या खटल्यात विद्यार्थी संघटित होते. येथे प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटाच निबंध उतरवून घेत होता.

विद्यार्थी संघटना, अध्यापक संघटना आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना यांनी आता एकत्र येऊन पुढील गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक संशोधनाचा मसुदा सार्वजनिक भांडारात जमा केल्याखेरीज पुढील अनुदान मिळू नये. २०१४ चे धोरण कायद्याच्या बळाने राबवावे. वर्गणीच्या योजनेतील प्रवेश सार्वजनिक ग्रंथालयांतून कोणाही नागरिकास मिळावा, त्यासाठी कुणाच्या विद्यार्थी असण्याचा दाखला मागू नये. खाजगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तात्काळ सामावून घ्यावे. ग्रंथपालांची रिक्त पदे भरावीत. विद्यापीठांची मोजणी खाजगी सूच्यांवरून होऊ नये आणि भारतीय भाषांतील शोधपत्रिकांना सार्वजनिक अनुदान व खुली सूची मिळावी. प्रकाशकांशी झालेल्या करारांतील दर जनतेपुढे मांडावेत, कारण पैसा जनतेचा आहे.

३१ डिसेंबर २०२७ रोजी या करारांची तीन वर्षे संपतात. पुढच्या वर्गणीचा आकडा कंपन्या त्याआधीच ठरवू लागतील. महाविद्यालयांच्या ग्रंथालय समित्या, विद्यापीठांच्या अधिसभा आणि संसद या तिन्ही ठिकाणी हा प्रश्न त्यापूर्वी उपस्थित व्हावयास हवा, आणि त्याची सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात एका साध्या पाहणीने करता येईल: किती महाविद्यालयांत घरून वाचण्याची खाती उघडली गेली आहेत, आणि किती ठिकाणी ती उघडून देणारा माणूसच नाही.